कंपनीने न पाडलेलं भोक

मंडळी, या शनिवारचा विषय जरा तेलकट आहे. ऑफिसचं रडगाणं नाही, नवीन फोनचं कौतुक नाही. विषय आहे कार्बोरेटरला भोक पाडण्याचा. ज्यांनी आयुष्यात फक्त बटण दाबून गाडी सुरू केली आहे त्यांनीही वाचायला हरकत नाही, सगळं समजेल याची हमी माझी.

आधी थोडं ज्ञान पाजळतो. सिग्नलला तुम्ही मूठ पूर्ण सोडता, तरी बाईक बंद पडत नाही. टुकटुक करत उभी राहते. का? जुन्या बाईकच्या कार्बोरेटरमध्ये डबीसारखा एक छोटा तुकडा वर-खाली होतो, त्याला म्हणतात स्लाइड. मूठ पिळली की केबल तिला वर ओढते, हवेची वाट उघडते आणि हवेसोबत पेट्रोल आत जातं. मूठ सोडली की स्प्रिंग तिला खाली ढकलते. आता ती पार खाली बसली तर हवा बंद, म्हणजे इंजिनही बंद. म्हणून बाजूने एक स्क्रू आत आलेला असतो. त्याचं टोक स्लाइडच्या तिरप्या खाचेला टेकतं आणि तिला शेवटचं थोडंसं अंतर खाली जाऊ देत नाही. स्क्रू आत पिळला की स्लाइड किंचित वर, फेरे जास्त. बाहेर काढला की फेरे कमी. स्प्लेंडरसारखी गाडी मिनिटाला साधारण १४०० फेऱ्यांवर सुखात उभी असते. हा झाला आयडल स्क्रू.

त्याच्या शेजारी अजून एक स्क्रू असतो, तो कमी फेऱ्यांवर हवा आणि पेट्रोलचं प्रमाण ठरवतो. या दोघांची गल्लत करू नका. आमच्या मामांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांचं अर्धं घर या गल्लतीवर चालतं.

मामांचं गॅरेज खामगावला आहे. बुलढाणा जिल्हा. कापसाचं आणि चांदीचं गाव. आजूबाजूच्या खेड्यांतून येणारी बाईक म्हणजे फक्त बाईक नसते. दोन बाजूंना दुधाच्या कॅन, मागे कडब्याची पेंडी, कधी फवारणीचा पंप, कधी अख्खं कुटुंब. अमेरिकेतला शेतकरी ज्या कामाला चार चाकांची एटीव्ही वापरतो, ते सगळं काम आपल्याकडे शंभर सीसीची बाईक निमूटपणे करते.

तर एटीव्ही हा शब्द मामांच्या गॅरेजमध्ये पहिल्यांदा आला तो मागच्या दिवाळीत, माझ्या एका शाळूसोबत्याच्या बॅगेतून. हा मित्र आता ॲरिझोनात असतो. तिकडे वाळवंटात, वाळूच्या टेकड्यांवर या गाड्या उडवणं हा शनिवार-रविवारचा उद्योग. त्याने एक जुनी यामाहा बॅन्शी घेतली. बॅन्शी म्हणजे एटीव्हीतलं पिसाळलेलं घोडं. टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, दोन कार्बोरेटर. अमेरिकेत ती १९८७ ते २००६ विकली गेली. बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी लोक अजून जीव टाकतात तिच्यावर.

मित्राने बॅगेतून काढले ते तिचे दोन कार्बोरेटर. मिकुनी कंपनीचे, २६ मिलिमीटरचे. पेट्रोलचा वास आला तर विमानवाले घेणार नाहीत म्हणून आठवडाभर धुऊन, वाळवून, तीन पिशव्यांत गुंडाळून आणलेले. दोघांच्या डोक्यावर एकेक काळा डबा. त्याला हवं होतं एवढंच : हे डबे काढून टाकायचे, आणि दोन्ही कार्बोरेटरच्या अंगाला भोक पाडून, आटे पाडून आयडल स्क्रू बसवायचे. बॉडीवर ओतकामातच त्या जागी उंचवटा होता. भोक मात्र नव्हतं. तिकडे तयार कार्बोरेटर विकत मिळतात, पण याला मामांकडूनच करून घ्यायचं होतं. शाळेत असताना याच्या बाबांची लूना मामांनीच तर जिवंत ठेवली होती.

मामांनी एक कार्बोरेटर उचलला, उलटा-सुलटा केला आणि विचारलं, "कितीचं इंजिन?"

"तीनशे सत्तेचाळीस सीसी, मामा."

"बोअर चौसष्ट, स्ट्रोक चोपन?"

मित्र बघतच राहिला. मामा हसले. "अरे हे तर आपल्या राजदूत थ्री-फिफ्टीचं भावंड!"

आणि खरंच आहे ते. एस्कॉर्ट्सने १९८३ पासून भारतात जी राजदूत ३५० बनवली ती म्हणजे यामाहाची आरडी ३५०. तिचं इंजिन हवेवर थंड होणारं. त्याच घराण्यात पुढे पाण्यावर थंड होणारी आरझेड ३५० आली, आणि तिच्या इंजिनावरून बॅन्शीचं इंजिन. बोअर-स्ट्रोकचे आकडे तिघींचे तेच, ६४ आणि ५४. राजदूत ३५० आपल्याकडे फार चालली नाही, पेट्रोल ढोसायची. पण मामा तरुणपणी अकोल्याला काम शिकत होते तेव्हा एका गिऱ्हाइकाकडे ती होती. तिचे दोन कार्बोरेटर एकसारखे लावता येणं ही त्या काळी मेकॅनिकची डिग्री होती म्हणे.

एवढी ओळख निघाल्यावर आम्हाला वाटलं काम तासाभरात झालं. पण मामांनी तो काळा डबा उघडला, आतला छोटा स्विच बोटाने दाबून पाहिला आणि विचारलं, "हे कायले लावलं होतं कंपनीनं?"

आता हा डबा काय ते सांगतो. याचं नाव थ्रॉटल ओव्हरराइड सिस्टिम, लाडाने टॉर्स. एटीव्हीला मूठ पिळायची नसते, अंगठ्याने एक दांडी दाबायची असते. त्या दांडीपाशी एक स्विच आणि कार्बोरेटरच्या डोक्यावर दुसरा. अंगठा म्हणतो "मी सोडलं" आणि स्लाइड म्हणते "मी अजून वरच आहे", अशी दोघांची साक्ष जुळली नाही की समजायचं काहीतरी अडकलंय. वाळू गेली असेल, केबल तुटून गुंतली असेल. मग ही यंत्रणा इंजिनाची ठिणगी तोडते. गाडी आपोआप मंदावते, चालवणारा वाचतो.

हे सगळं ज्या काळातलं आहे त्या काळात अमेरिकेत एटीव्हीच्या अपघातांवरून मोठा गदारोळ चालू होता. १९८८ मध्ये कंपन्या आणि सरकार यांच्यात कोर्टामार्फत समझोता झाला आणि तीन चाकी एटीव्हींची विक्री थांबली. म्हणजे सुरक्षेचा विषय हवेतला नव्हता.

मग लोक टॉर्स काढतात का? कारण ते स्विच आता म्हातारे झालेत. वायरी गंजतात, स्विच चिकटतात, आणि काही अडकलेलं नसताना यंत्रणा खोटी बोंब मारते. टेकडीच्या अर्ध्या चढावर इंजिन कापलं गेलं की गाडी उलटी येते. मित्राचं असं दोनदा झालं होतं. तिकडे बॅन्शीवाला भेटला की पहिला सल्ला हाच : टॉर्स काढ. पण गंमत अशी की कारखान्यातून आलेल्या गाडीत आयडल सेट करायची सोय त्या डब्यातच असते. डबा गेला की आयडल गेलं. म्हणून मग भोक, म्हणून मग आटे, म्हणून खामगाव.

मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ही गाडी तूच चालवतं का फक्त?"

"मी... आणि माझा मुलगा. सतरा वर्षांचा आहे."

मामांनी कार्बोरेटर खाली ठेवला. हात पुसले. "नाही करत मी."

दोन मिनिटं कोणीच काही बोललं नाही. मग मामा जे बोलले ते मी इथे जसंच्या तसं लिहायचा प्रयत्न करतो. "सोयाबीनच्या टायमाले मळनी यंत्र पाहतं ना तू? त्याची जाळी लोकं काढून ठेवतात. कायले, तं माल अडकते म्हनून. जाळी काढली का काम पटापट होते. मंग एक दिवस हात जाते. आन तो हात जाळी काढनाऱ्याचा नसते. तो कामावर आलेल्या मजुराचा असते, त्याले तं मालूमच नसते का इथं जाळी होती."

मित्र म्हणाला, "पण मामा, ती यंत्रणाच बिघडलेली आहे. ती ठेवली तरी धोका आहेच."

"हाव, ते बी खरं हाय," मामा म्हणाले. "मंग तिचं काम दुसरं कोन करीन ते सांग पयले."

मला वाटतं अख्ख्या प्रकरणाचा गाभा या एका वाक्यात आहे. मामांना जुनं ते सोनं म्हणायचं नव्हतं. कंपनीने ठेवलंय म्हणून हात लावू नये असंही नाही, त्यांचा जन्म कंपनीने न ठेवलेल्या गोष्टी करण्यातच गेलाय. त्यांचा हिशोब सरळ होता. कंपनीने भोक पाडलं नाही, तेव्हा त्या जागेची जबाबदारी कंपनीची होती. आपण भोक पाडलं की ती आपली.

मग डोकं चालवायला सुरुवात झाली. मित्राला आठवलं की शर्यतीत एटीव्हीवाले मनगटाला एक दोरी बांधतात. दोरीचं दुसरं टोक हँडलवरच्या स्विचला. माणूस गाडीवरून पडला, किंवा त्याने हात झटकला, की दोरी सुटते आणि करंट तुटतो. ट्रेडमिलला असते तशीच. मामा खूश. "मंग ते मागव. आता. माह्या समोर." मित्राने फोन काढला, तिथल्या तिथे दोरीचा स्विच ऑर्डर केला आणि मामांना स्क्रीन दाखवली. इंग्रजी मामांना फारसं वाचता येत नाही, पण चित्र त्यांनी नीट मोठं करून पाहिलं.

"हे अर्धंच काम हाय बरं," ते म्हणाले. "ते यंत्र आपोआप समजत होतं. हे मानसानं झटका देल्यावर. मंग उरलेलं अर्धं आपल्याले इथं करा लागन. स्लाइड अडकलीच नाही पाहिजे."

आणि काम सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी. (संध्याकाळच्या उजेडात मामा असलं काम घेत नाहीत.) सगळ्यात आधी मित्राने आणलेल्या स्क्रूचे आटे गेजने तपासले. आटे पाडण्यासाठी भोक किती मोठं हवं याचा हिशोब अगदी सोपा आहे : स्क्रूचा व्यास वजा दोन आट्यांमधलं अंतर. ६ मिलिमीटरचा स्क्रू आणि आट्यांत १ मिलिमीटर अंतर, तर ड्रिल ५ चं. भोक मोठं झालं तर आटे उथळ पडतात आणि स्क्रू लुळा राहतो. लहान झालं तर टॅप आत तुटतो. आणि कार्बोरेटरच्या मऊ धातूत कडक पोलादाचा टॅप तुटला की तो कार्बोरेटर भंगारात.

मग मामांनी लेथवाल्याकडून सागाची एक गुल्ली करून आणली, स्लाइड जिथे फिरते त्या नळीत घट्ट बसेल अशी. मी विचारलं, ही कशाला? तर ड्रिल जेव्हा आतून बाहेर पडतं तेव्हा कडेला धातूची धारदार काठ उमटते. मागे लाकूड असलं तर ती फारशी उमटत नाही. ती काठ स्लाइडला खरवडते, आणि खरवडलेली स्लाइड एक ना एक दिवस अडकते. बघा, उरलेलं अर्धं काम म्हणजे हे होतं.

बॉडी व्हाइसमध्ये, दोन बाजूंना चामड्याचे तुकडे. उंचवट्याच्या बरोबर मध्यावर पंचची एक हलकी खूण. ड्रिल मशीन हळू. सरळ बसलंय ना हे मामांनी दोन बाजूंनी काटकोन्या लावून तीनदा पाहिलं, कारण स्क्रू तिरका गेला तर टोक स्लाइडच्या खाचेत बसण्याऐवजी कडेला घासणार. मग टॅप. थेंबभर रॉकेल, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे घेतलं की बारीक चुरा तुटतो. पुन्हा अर्धा पुढे. या अर्धा-पावच्या तालात वीस मिनिटं गेली. मामेभाऊ, मित्र आणि मी, तिघंही श्वास रोखून. दुसऱ्या कार्बोरेटरला तेवढीच वीस मिनिटं, तितक्याच काळजीने. मामा दुसऱ्यांदा घाई करत नाहीत. ते म्हणतात, पहिल्यांदा माणूस भितो, दुसऱ्यांदा भीत नाही, आणि टॅप दुसऱ्यांदाच तुटतो.

त्यानंतर गुल्ली काढून आतली कड झिरो पेपरने साफ. पेट्रोलने धुतलं. पंक्चरवाल्याकडे नेऊन हवा मारली. परत धुतलं. परत हवा. चुऱ्याचा एक कण स्लाइडच्या बाजूला राहिला तर पूर्ण उघडलेली गाडी पुन्हा बंद होणार नाही. "बोथ्याच्या घाटात गाडी अशी अडकली तं काय होईन?" मामांनी विचारलं. बुलढाण्याहून खामगावला उतरताना हा घाट लागतो. ज्यांनी तो पाहिलाय त्यांना उत्तर द्यायची गरज नाही.

शेवटची परीक्षा सोपी होती. कोरडी स्लाइड नळीत वरून सोडायची. ती स्वतःच्या वजनाने खाली गेली पाहिजे आणि टक असा आवाज आला पाहिजे. पहिली गेली, टक. दुसरी गेली, पण मामांना तो आवाज पसंत पडला नाही. मला दोन्ही सारखेच वाटले. त्यांनी परत झिरो पेपर घेतला, दहा मिनिटं घासलं, परत सोडली. टक. "आता झालं."

स्क्रूखाली स्प्रिंग बसवली, म्हणजे थरथरीने तो आपोआप फिरणार नाही. स्प्रिंगखाली रबरी रिंग, म्हणजे आट्यांतून चोरटी हवा आत जाणार नाही. टू-स्ट्रोकला चोरटी हवा म्हणजे विष. पेट्रोलसोबतच तेल जातं, त्यामुळे मिश्रण पातळ झालं की पिस्टनला तेलही कमी पडतं आणि तो जाम होतो. मग दोन्ही स्लाइड सारख्याच उंचीवर आणायच्या. त्यासाठी मामांनी दोन सारख्या मापाची ड्रिल घेतली, उलटी करून एकेक स्लाइडखाली ठेवली आणि दोन्ही स्क्रू त्या मापाला आणून सोडले. घरी गेल्यावर यापुढे दोन्ही स्क्रू सारखेच फिरवायचे, एकाला जितका फेरा तितकाच दुसऱ्याला, असं मित्राला बजावलं.

पैसे किती? मामांनी चहाचे घेतले. मित्राने फार आग्रह केला तेव्हा नवीन टॅपचा सेट घेतला.

दोन-तीन आठवड्यांनी ॲरिझोनातून फोन आला. तिकडे संध्याकाळ, इकडे सकाळ. फोनमधून बॅन्शीचा आवाज. मामांनी मोबाइल कानाला लावला, डोळे मिटले. "डावं जरा चढलेलं हाय. नाही? मंग तुह्या इकडून पाहिलं तं उजवं असन. पाव फेरा काढ." काढला. आवाज खाली आला, स्थिर झाला. मग मामांनी दुसरंच विचारलं. "दोरी?" मित्राने फोटो पाठवला. मुलगा गाडीवर बसलेला, डोक्यात हेल्मेट आणि मनगटाला लाल दोरी.

आता तुम्ही म्हणाल हे सगळं जुन्या जमान्याचं झालं. बरोबर आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि नव्या बाईकमधून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपारच झाला. आता आयडल किती ठेवायचं ते एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो, तिथे पिळायला स्क्रू नाही. धूर कमी झाला हे चांगलंच आहे. मामा त्याबद्दल कुरकुर करत नाहीत. मामेभाऊ आयटीआय झालाय, त्याने स्कॅनर घेतलाय, आणि मामा त्याच्या शेजारी बसून लाल-हिरवे आकडे बघतात.

पण मला सगळ्यात मजेशीर वाटलं ते हे. २०१७ च्या केटीएम ड्यूक ३९० पासून आपल्या चाकणला बनणाऱ्या बाईकमध्येही केबलशिवायचा थ्रॉटल आला. अशा गाड्यांत मूठ किती पिळली हे सेन्सर सांगतो आणि झडप किती उघडली हे दुसरा सेन्सर सांगतो. दोघांची साक्ष जुळली नाही की कॉम्प्युटर ताकद कापतो. ओळखीचं वाटतंय ना? बॅन्शीवाले जो काळा डबा काढून फेकतात त्याचीच ही सुधारलेली नातवंडं. कल्पना चांगलीच होती, स्विच म्हातारे झाले एवढंच.

आमच्या धंद्यात हे रोज घडतं. एखादी तपासणी खोटा अलार्म देत राहते, सगळे वैतागतात आणि मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतं, काढून टाकू या. बऱ्याचदा ते काढणं योग्यही असतं. हल्ली अशा वेळी मी मामांचं वाक्य शुद्ध मराठीत विचारतो, की तिचं काम यापुढे कोण करणार ते आधी ठरवू या. दोन मिनिटं शांतता पसरते. मग कोणीतरी वही उघडतं.

असो. मामांच्या गॅरेजमध्ये सध्या एका दूधवाल्याची जुनी स्प्लेंडर उभी आहे, आयडल स्क्रूचे आटे गेलेली. पहाटे साडेचारला तिला गावोगाव फिरायचं असतं. नवा कार्बोरेटर परवडत नाही, म्हणून जुन्या भोकात मोठा आटा पाडायचा आहे. सागाची गुल्ली तयार आहे. काम उद्या सकाळच्या उजेडात होईल.